मीटर अप्पांच्या नावावर

१४ नोव्हेंबर, नांदेड

मिलिंदचा फोन. अहमदपूरच्या घरावर सोलर बसवायचं म्हणतो. घरावरच्या सोलरला राज्याकडून आता जादा अनुदान आहे. कमी वीज जाळणाऱ्यांना, त्यात आपल्या समाजाला आणखी थोडं. आधी येईल त्याला आधी.

"ताई, गल्लीत तीन घरांवर बसले. आपलंच छत मोकळं पडून हाय."

चांगलं आहे म्हटलं. फोन ठेवल्यावर पुढचं वाक्य सुचलं. छत मोकळं नाही.

१६ नोव्हेंबर

लिहून ठेवते, म्हणजे पुढं मलाच शंका यायला नको.

अप्पांनी स्लॅब टाकला तेव्हा कॉलमच्या सळया कमरेएवढ्या वर सोडल्या. गवंडी म्हणाला, गुरुजी, कापून टाकू का? (अप्पा पाटबंधाऱ्यात कारकून, पण गवंडी सगळ्यांना गुरुजी म्हणायचा.) अप्पा म्हणाले, राहू द्या, वर एक खोली व्हायची आहे. मग माझ्याकडे बघून, "तुझी."

मी तेव्हा उदगीरहून, नवऱ्याच्या घरून, एक बॅग घेऊन आलेली. येऊन पाच महिने झाले होते. कुणी काही विचारत नव्हतं. माय खाली वाळू चाळत होती. तिनं ऐकलं. चाळणी थांबली, परत सुरू झाली.

खोली झाली नाही. मि.चं लग्न, अप्पांची निवृत्ती, मला नांदेडला ज्युनिअर कॉलेज. सळया राहिल्या. गंजू नयेत म्हणून अप्पा दरवर्षी त्यांना सिमेंटचं पाणी द्यायचे. शेवटी जिना चढवेना तेव्हा मि.ला द्यायला लावलं.

दोन वर्षांनी निवृत्त होईन. इथल्या दोन खोल्या भाड्याच्या. मूल नाही. कुठं जायचं, हा प्रश्न मी कधी पडू दिला नाही, कारण उत्तर होतं. कागदावर नव्हतं, एवढंच.

२३ नोव्हेंबर

सोलर बसवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. मि.नं फोनवर सगळं सांगितलं, हसत. दक्षिण मोकळी, झाड नाही, छत एक नंबर. मग त्यानं विजेचं बिल मागितलं.

"हे कोण?"

"आमचे वडील."

"हायत का?"

"न्हाईत. तीन वर्सं झाली."

"मग साहेब, मयताच्या नावानं अर्ज जात न्हाई. आधी मीटर तुमच्या नावावर करा."

मीटरवरचं नाव आम्ही बदललंच नाही. कुणाच्या मनात आलं नाही असं नाही, कुणी तोंडातून काढलं नाही. गल्लीत निम्मी मीटरं गेलेल्यांच्या नावावर आहेत. बिल आलं की माय अप्पांच्या नावावरून बोट फिरवते, फोटोखाली ठेवते. दुसऱ्या दिवशी मि. ते भरायला नेतो.

अप्पा गेले तेव्हाच्या पत्रिकेत आम्ही 'कालकथित' छापलं होतं. अर्जात 'मयत' लिहावं लागेल.

२७ नोव्हेंबर

मि. लातूर-नांदेड गाडीवर वाहक. आज ड्यूटी इकडची होती. वीस मिनिटं गाडी थांबते, स्टँडवर ये म्हणाला. गेले. खाकी शर्ट, गळ्यात तिकिटाचं मशीन, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घराचे कागद.

"ताई, हक्कसोड करावं लागतंय. तू आन माय. घर माझ्या एकट्याच्या नावावर आलं की मीटर आलं. मीटर आलं की अर्ज."

"हक्कसोड लागतं असं कोण म्हणालं?"

"बाँडरायटर म्हनला. समदे तसंच करून राहिलेत. सोलरपुरतं गं. तुला काय वाटलं, मी तुला घराबाहेर काढून राहिलो?"

ड्रायव्हर चहा घेऊन आला. चाळीस वर्षांचा असेल, मि.चा जोडीदार. "ताई, तिकीट तुम्हाला सरकारनं हाफ करून दिलंय. आता घरबी हाफ मागू नका म्हंजे झालं."

मि. हसला. शेजारच्या बाकावरचे दोघे हसले. मीही हसले.

३० नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये विचारलं, सहज विचारावं तसं. सगळ्यांनी सोडलेलं आहे. भूगोलाच्या बाईंनी दोनदा, एकदा शेत, एकदा घर. "दुसऱ्या खेपेला साडी बरी दिली हो," म्हणाल्या. सोडत नाही म्हणणारी एक होती. तिची बदली झाली, नाव आठवेना कुणाला.

आमच्या घरात भिंतीवर फोटो आहे. मुलींच्या वाट्याचा कायदा होईना म्हणून ज्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यांचा. त्या फोटोखाली बसून अप्पांनी मला हे शिकवलं. मि.लाही शिकवलं. तो माझ्या शेजारीच बसला होता.

७ डिसेंबर, अहमदपूर

काल सहा डिसेंबर. संध्याकाळी विहारात मेणबत्त्या. मायच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला तर खरखरीत. जन्मभर रोजगार हमीची खडी, मग दुसऱ्यांच्या शेतातला कापूस. हात म्हातारा झाला तरी मऊ झाला नाही.

आज सकाळी विचारलं, माय, सही करायची का?

"मला कामून इचारतीस? तुला काय वाटतंय?"

मी म्हटलं, मिलिंदला सोय होईल.

"ते तर हायच," म्हणाली, आणि उठून गेली.

वैशाली, मि.ची बायको, साडी दाखवायला घेऊन आली. मोरपंखी. "ताई, तुमच्यासाठी आणून ठेवली. रंग न्हाई आवडला तर बदलून देतो म्हनला दुकानदार." चांगली आहे म्हटलं. वैशाली वाईट नाही. तीन खोल्यांत पाच माणसं, मधल्या खोलीत मायची खाट, मुलांना अभ्यासाला जागा नाही. तिनं कधी चेहरा वाकडा केला नाही. हे मी मुद्दाम लिहिते.

वर गेले नाही.

२२ डिसेंबर, अहमदपूर

रजिस्ट्री. अकरा ते साडेतीन.

दस्त एकच, माझा आणि मायचा मिळून. वाचला. स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला. अठ्ठावीस वर्षं मुलांना सांगते, एक गोष्ट तीनदा म्हणायची वेळ आली तर ती खरी आहे का बघा. सही केली. मशीनवर अंगठा ठेवला. पहिल्याच खेपेला हिरवा दिवा.

मग माय. सही केली, अप्पांनी शिकवलेली, एकेक अक्षर सुटं. अंगठा ठेवला. लाल. पदराला पुसून ठेवला. लाल. डावा. लाल. मशीनवाला वाकून बघायला लागला.

"आजी, रेषाच न्हाईत की तुमच्या बोटाला."

"व्हत्या बाबा. झिजल्या."

रांगेतली माणसं हसली.

आधारची ओळख पटल्याशिवाय नोंद होत नाही. आधारला जोडलेला मोबाइल अप्पांचा, तो नंबर बंद. सहीपासून चार महिन्यांच्या आत कधीही घेऊन या म्हणाले. तोवर दस्त अर्धा. माझं झालंय, तिचं नाही.

मि.ची रजा गेली. घरी आल्यावर वैशालीनं साडी दिली. काम अर्धंच झालं होतं, तरी दिली. घेतली.

२३ डिसेंबर

सही का केली, हे विचारायला कुणी नाही, म्हणून स्वतःला विचारते.

नाही म्हटलं असतं तर मि. भांडला नसता. तो भांडत नाही. फोन कमी झाले असते. सणाला 'जमलं तर ये' आलं असतं. मग मायचं दुखणं-खुपणं तिसऱ्याकडून कळलं असतं. हे मी दुसऱ्या बायकांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

सही केली तर घर जातं. नाही केली तर घरातली माणसं. सरकारला यातलं काही माहीत नाही. त्यानं फक्त विचारलं, छत कुणाचं?

२८ डिसेंबर

माझ्या डोक्यावर, म्हणजे नांदेडच्या घरमालकांच्या गच्चीवर, गेल्या वर्षीपासून पॅनेल आहेत. त्यांचं बिल आता नावापुरतं येतं. माझं मीटर वेगळं. माझं येतं तसं येतं. योजनेचं माहितीपत्रक आणून वाचलं. छतावर हक्क हवा, एवढंच लिहिलंय. छतावर नेमका कुणाचा, किती जणांचा, ते नाही. छताखाली भाड्यानं राहणाऱ्यांबद्दल मला काही सापडलं नाही.

मि.ला फोन केला. धीर करून विचारलं, पॅनेल उंच स्टँडवर बसवले तर खाली एक खोली होईल का?

"कुनासाठी?"

"अशीच."

"ताई, पंचवीस वर्सं हलवता येत न्हाईत ते. मधी बांधकाम काढलं की समदं खोलावं लागतंय." थोडा थांबला. "तू रिटायर झाल्यावर ये की इथं. खाली ऱ्हा. तुला कोण नको म्हनलंय?"

कुणी नाही म्हटलेलं. खरं आहे.

८ जानेवारी

वैशालीनं छताचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय, छत तयार.

सळया कापल्या. अजून मीटर बदललेलं नाही, अर्ज गेलेला नाही. फोन केला. मि. म्हणाला, "सावली पडती म्हनला सोलरवाला. त्याची मानसं शेजारी आलती ग्राइंडर घेऊन. म्हनलं हातासरशी उरकून घ्या."

बोटाएवढ्या सळयांची सावली.

फोटो मोठा करून पाहिला. कापलेली टोकं चकाकतात. आतून एकही गंजलेली नव्हती.

मायला फोन दे म्हटलं. माय म्हणाली, "लई आवाज झाला गं. मी इहारात जाऊन बसले."

एवढंच बोलली. मीही एवढंच ऐकलं.

१२ जानेवारी

मायचा अंगठा दुसऱ्यांदा नापास. मि. चिडलेला. रजिस्ट्रीवाल्यावर, मशीनवर, आधारवर. पुढची तारीख सत्तावीस. कॉलेजात दिवसभर कुणाशी बोलले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२५ जानेवारी, अहमदपूर

जोडून सुट्टी. सकाळी साडेसहाला पाठीमागच्या अंगणात घासल्याचा आवाज. माय. न्हाणीच्या चुलीतली राख, त्यात विटेचा चुरा, आणि समोर रात्रीची सगळी भांडी. घासली. पाण्यातून काढली. परत घासायला घेतली. घासलेलं पातेलं.

"माय, हे झालंय की."

"व्हय."

हात थांबला नाही. अंगठा पातेल्याच्या काठावर दाबून, जोर लावून. बाकीची बोटं नुसती धरायला.

मी तिथंच पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "राशनच्या मशीनला दोनदा असंच झालं. तवा तो डीलर म्हनला, आजी, राखंनं घासू नका, रेषा जात्यात. दोन दिस घासलं न्हाई का मग येतंय बराबर."

चूळ भरली. हात धुतले. पदराला पुसताना अंगठा एकदा उजेडात धरून पाहिला.

मला कळलं. तिलाही कळलं की मला कळलं. चहा टाकू का, म्हणाली.

२७ जानेवारी

नांदेडला परतले. दुपारी मि.चा फोन. लाल.

मी म्हटलं, अरेरे.

९ फेब्रुवारी

वीज कंपनीच्या ऑफिसात गेले होते, माझ्याच बिलासाठी. खिडकीवर मध्यमवयाच्या बाई. विचारून घेतलं. वडील वारले, मीटर भावाच्या नावावर करायचं, काय लागेल?

"मृत्यूचा दाखला, घरपट्टी आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. साध्या बाँडवर."

"हक्कसोडपत्र?"

"ते कशाला? आम्ही न्हाई मागत." मग माझ्याकडे नीट बघितलं. "केलंत का तुम्ही?"

"अर्धं."

त्यांनी माझ्या बिलावर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला. त्यांनीही कधी केलं असेल.

१० फेब्रुवारी

स्टँडवर मि.ला गाठलं. सांगितलं. हक्कसोड लागतच नाही, साधी संमती चालते, मी आज लिहून देते, माय पण देईल, तिथं अंगठ्याचं मशीन नाही.

त्यानं ऐकून घेतलं. बाँडरायटरला फोन लावला, माझ्यासमोर. तो म्हणाला, घरचे लोक सांगतात ते मी लिहितो, मला काय. मि.नं फोन खिशात टाकला.

"ताई, आता कागद झालाय. मायचा अंगठा लागला की मिटलं."

"पण गरज नाहीये त्याची, मिलिंद."

"आज न्हाई तर उद्या करावंच लागंल की." गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून उभा होता. "आन तुझ्यामागं कोण हाय, ताई? शेवटी पोरायचंच हाय ना ते."

रागानं बोलला नाही. स्टँडवर कुणी विचारलं की गाडी कुठं लागेल ते सांगतो, त्या आवाजात बोलला. मग घंटी दिली.

११ फेब्रुवारी

तुझ्यामागं कोण हाय.

वर्ग घेतले. दोन्ही.

३ मार्च, लोहा

बारावीच्या केंद्रावर पर्यवेक्षण. रोज नांदेडहून जाऊन-येऊन. खिडकीतून रस्ता दिसतो. अहमदपूरच्या गाड्या इथूनच जातात. आज एका गाडीत दाराशी मि. उभा दिसला. मी हात केला. त्यानंही केला, लहानपणी करायचा तसा, कोपरापासून.

उरलेला पेपर कसा गेला माहीत नाही.

१५ मार्च

वैशालीचा फोन. ती एरवी करत नाही.

"ताई, आत्याबाई मुद्दाम करून राहिल्यात." मायला ती आत्याबाई म्हणते.

"काय?"

"रजिस्ट्रीच्या आधी तीन दिस भांड्याला कुणाला हात लावू देत न्हाईत. मी काय वेडी हाय का? आता मी चूलच बंद केली. पाणी गॅसवर तापवते. राखच न्हाई घरात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ह्यांना सांगितलं न्हाई अजून. लई मनाला लावून घेतील. तुम्ही समजवा आत्याबाईला. घरात ऱ्हायचं हाय त्यांना."

शेवटचं वाक्य धमकी होती की काळजी, ते ठरवता येईना. तिचा आवाज रडवेला होता. दोन्ही असेल.

२२ मार्च, अहमदपूर

माय मधल्या खोलीत खाटेवर. भांडी घासायची नाहीत, अंगण झाडायचं नाही, वैशालीनं सगळं काढून घेतलंय. शेजारणी म्हणतात, नशीबवान आहे म्हातारी.

विहाराकडे चालत नेलं. वाटेत म्हटलं, माझ्याकडे चल नांदेडला. कायमची.

"भाड्याच्या घरात?"

"काय होतंय?"

"मेले तर मालक म्हनंल, म्हातारीची मयत माझ्या दारातनं काढू नगा. तुला तोंड द्यावं लागंल." मग थोडं हसून, "मेल्यावर माझं काय, मी असंन का ऐकायला?"

वंदना झाल्यावर बराच वेळ उठली नाही. मि. आम्हाला न्यायला आला. तिला हाताला धरून उठवलं, चपला पायाशी आणून ठेवल्या, पट्टा लावून दिला. त्याचं असं वागणं खोटं नाही. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

१५ एप्रिल

काल जयंती. मि.चा फोन, मागं ढोल. आज सकाळी परत, या वेळी आवाज शांत.

"जयभीम ताई. बाविसला चार महिने भरतेत. मधी रजाच मिळंना, आता वीसला टाकलीय. सोलरवाला म्हनून राहिला, कमी युनिटवाल्याच्या जागा भरत आल्यात. ही खेप गेली की नवीन दस्त, समदं पहिल्यापासून."

"बरं."

"तू दोन दिस आधी ये. वैशालीनं क्रीम आणलंय हाताला लावायचं. माय तिच्याकून लावून घेत न्हाई. तुझ्याकून घेईल."

त्याला ठाऊक आहे की नाही, आवाजावरून कळलं नाही. हो म्हटलं.

का हो म्हटलं. बस, वाक्य पुढं जात नाही.

१८ एप्रिल, अहमदपूर

क्रीम लावली. दुपारी, संध्याकाळी. माय हात पुढं करते आणि दुसरीकडे बघते. अंगठ्याचं कातडं कडक. चोळत राहावं लागतं. वैशाली दारातून बघून जाते, आत येत नाही.

"लहानपणी मी तुझ्या हाताला तेल लावायची," म्हणाली. "चिडायचीस तू. वहीला डाग पडत्यात म्हनायचीस."

१९ एप्रिल

चार वेळा लावली. संध्याकाळच्या उजेडात पाहिलं. रेषा आल्या आहेत. बारीक, पण आहेत. एक भोवरा, मधून चिरलेला.

मि. येऊन बघून गेला. "झालं की काम," म्हणाला. माझ्या पाठीवर हात ठेवला. पाच-सहा वर्षांत ठेवला नव्हता.

छतावर गेले, सळया कापल्यापासून पहिल्यांदा. कापलेल्या जागी सिमेंट लावून सपाट केलंय. पायाला काही लागत नाही. चारी बाजूंनी फिरले. शेजारच्या छतावरचे पॅनेल उन्हाकडे तोंड करून. दुसऱ्या घरावर म्हातारा-म्हातारी कुरडया काढून डब्यात भरत होती. मोठं छत आहे आपलं.

२० एप्रिल

सकाळचे नऊ. दहाला निघायचं.

सातला माय मला उठवून ओट्यावर घेऊन गेली. आंघोळ झालेली, पांढरी साडी, केस ओले. शेजारी बसवलं. मि. आत दाढी करत होता.

"समोरच्या घरी चूल हाय. राख मागितली तर देतेत. पाच मिंटाचं काम हाय."

मी समोरच्या दाराकडे बघितलं.

"आन न्हाई मागितली तर आज लागंल अंगठा. मला ठावं हाय."

"माय, तुला इथं राहायचंय. वैशालीला कळलंय."

"मला ठावं हाय ते बी. मी माझं बघून घेईन, तू माझं सांगू नगंस." आवाज चढला नाही. "मी तीनदा लाल केलं. कुणाच्या सांगण्यावरनं केलं? तुझ्या बापानं एकदा सांगितलं, हे तिचं. पोरानं सांगितलं, हे माझं. तू कधी तोंडानं सांगितलंस का, तुला काय पायजे? स्लॅब पडला तवा न्हाई. सळया कापल्या तवा फोनवर न्हाई. रजिस्ट्रीत तर सहीच केलीस."

"माय..."

"म्हाताऱ्या मानसानं किती दिस घासायचं गं अंदाजानं? तू सांग. पायजे म्हन, न्हाई तर नगं म्हन. मी तसं करते."

आतून मि.नं हाक मारली, "ताई, मायचं आधार घेतलंस का?"

घेतलं, म्हणाले.

त्यानंतर मी आत आले, वही काढली. दोन तास होत आले. वैशालीनं पोहे दिले, खाल्ले. मि.ची इस्त्री झाली. रिक्षावाल्याचा फोन येऊन गेला, तो दहाच्या आधीच येईल.

खिडकीतून ओटा दिसतो. माय तिथंच आहे. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. समोरच्या घरची बाई दारात आली, काहीतरी विचारलं, मायनं नुसती मान हलवली, हो की नाही ते इथून कळलं नाही. ती माझ्याकडे वळून बघत नाही. मी बाहेर येऊन एक शब्द बोलेन म्हणून थांबली आहे.

नऊ वीस.